विकत घेतलेले पूर्वज

पत्र

सप्रेम नमस्कार,

मी बँकेतून निवृत्त झाले, राहते नाशिकला. माहेर पुरंदर तालुक्यातलं. आम्ही 'पाटील' लावतो, मूळ आडनाव वेगळं आहे (खाली लिहिलं आहे). थोरले काका गेल्यावर माळ्यावरच्या पेटीत चार मोडी कागद निघाले. एका जाणकारांकडून थोडंफार वाचून घेतलं. पहिला महजर आहे, खाली नांगराच्या निशाण्या आहेत. तारखेच्या जागी 'सलास सबैन अलफ' असं आहे, म्हणजे 1073. आमच्या मूळ पुरुषाने ओसाड गाव वसवला असं त्यात म्हटलं आहे आणि त्याच्यापासून पाच पिढ्यांची नावं दिली आहेत. त्यावरून माझा चुलतभाऊ म्हणतो की आपलं घराणं देवगिरीच्याही आधीचं. त्याने वंशावळ पार राजपुतान्यापर्यंत नेली आहे.

मार्गशीर्षात कुलसंमेलन आहे, तेव्हा कुलवृत्तांत निघेल. त्यातलं 'मूळ पुरुष' हे प्रकरण माझ्या गळ्यात पडलं आहे. बाकीच्या कागदांत एक सनद आहे, एक जमिनीच्या वाटणीचा आहे आणि चौथ्यात कुणी पाटलीणबाई आहेत. त्याचं साल 'इसन्ने सितैन मया अलफ'. भाऊ म्हणतो, तो आपल्या कामाचा नाही.

1073 च्या मागचा पुरावा कुठे मिळेल? डीएनए चाचणी करावी का? आणि भावाला न दुखावता हे कसं करू?

– एक माहेरवाशीण, नाशिक

उत्तर

ताई, सगळ्यात आधी त्या 1073 चं बघू. कुलवृत्तांत छापखान्यात गेल्यावर बघून उपयोग नाही.

तुमच्या जाणकारांनी आकडा बरोबर वाचलाय. सलास म्हणजे तीन, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार. पण हा इसवी सन नव्हे, हा सुहूर सन. महंमद तुघलकाच्या काळात, 1344 पासून तो दख्खनेत रुजला. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की त्याचं नवं साल लागतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. पेरणी-कापणीशी जुळणारा असल्यामुळे वसुलीच्या कामाला तो इतका सोयीचा पडला की राज्यं बदलली तरी कारकुनांनी त्याला सोडलं नाही. त्याचा इसवी सन काढायचा तर मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. तुमचा महजर म्हणजे 1672-73 चा.

सहाशे वर्षं एका बेरजेत गेली, वाईट वाटलं असेल. पण उरलं काय ते बघा. पुरंदर किल्ला शिवाजी महाराजांनी मोगलांकडून परत घेतला 1670 मध्ये, राज्याभिषेक झाला 1674 च्या जूनमध्ये. तुमच्या माळ्यावरचा कागद या दोहोंच्या मधला आहे. उंदीर, पाऊस आणि भाऊबंद या तिघांच्या तावडीतून तो साडेतीनशे वर्षं वाचला, हे मला तरी देवगिरीपेक्षा मोठं वाटतं. शिवाय 1073 साली आपल्याकडे जमिनीची दानं तांब्याच्या पत्र्यावर नाहीतर दगडावर कोरत. त्या सालचा कागद खरंच निघाला असता तर तो तुमच्या माळ्यावर राहिलाच नसता, एव्हाना काचेच्या पेटीत गेला असता.

तुमचं मूळ आडनाव मी इथे छापत नाही. त्या आडनावाची माणसं चार-पाच तालुक्यांत पसरली आहेत आणि प्रत्येक गावात एकेक मूळ पुरुष आधीच बसलेला आहे.

आता त्या महजरातली पाच पिढ्यांची यादी. महजर म्हणजे निवाड्याचा कागद. वतनावरून, म्हणजे पाटीलकीसारख्या वंशपरंपरेच्या हक्कावरून, तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार, सगळे हजर. पाटलाने खाली नांगर काढायचा, न्हाव्याने आरसा, चांभाराने आरी. तुमच्या कागदावरचे नांगर कुणा एकाचे नाहीत, ती गावोगावच्या पाटलांची हजेरी आहे. प्रत्येक नांगराशेजारी गाव लिहिलेलं असेल, ते आवर्जून वाचून घ्या. कोणत्या गावचे लोक तुमच्या बाजूने साक्षीला आले, यावरून तुमच्या घराण्याची सोयरीक आणि ऊठबस कुठे होती ते कळतं, आणि पुढचा शोध त्या गावांतूनच जातो.

वादी-प्रतिवादी दोघेही आपापली हकीकत लिहून देत. तिला करीना म्हणत. मूळ पुरुष आणि पाच पिढ्या तुम्हाला मिळाल्या त्या या करीन्यात. म्हणजे ती नावं कुणी इतिहास म्हणून लिहिली नाहीत, वतन वाचवायला लिहिली. भांडण झालं नसतं तर ती लिहिलीही गेली नसती, हे त्या भांडणाचे उपकार. पण ज्याला वतन टिकवायचंय तो आपला पूर्वज जितका मागे नेता येईल तितका नेतो, मधली अडचणीची नावं गाळतो, आणि जुने कागद मागितले की ते धामधुमीत जळाले म्हणून सांगतो. (कधी ते खरंही असतं. 1630 ते 1632 चा दुष्काळ आणि त्याच सुमारास आदिलशाही फौजेने केलेली पुण्याची राखरांगोळी लक्षात घेतली तर त्या मुलखात त्याआधीचा कागद उरला हेच नवल.) म्हणून मी तुम्हाला उलट विचारतो, समोरच्या पक्षाचा करीना तुमच्या जाणकारांनी वाचला का? तुम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. घरचे लोक आपली बाजू वाचून थांबतात. समोरच्याचं म्हणणं बहुतेक वेळा एवढंच असतं की गाव आमच्या पूर्वजाने वसवला, हे मागाहून आले, आम्ही यांना आश्रय दिला. त्यात तुमच्या मूळ पुरुषाचा खरा गाव, तो कुठून आला, कुणाचा जावई होता, असं काय काय सापडतं! आपल्याविषयीची माहिती शत्रूकडे जास्त असते, आणि मोडीत ती जपूनही ठेवलेली असते.

पाच पिढ्यांचा हिशेब मात्र करून ठेवू. पिढीला पंचवीस-अठ्ठावीस वर्षं धरली तर 1672 पासून मागे सव्वाशे ते एकशे चाळीस वर्षं जातात. म्हणजे तुमचा मूळ पुरुष 1530 ते 1550 च्या आसपासचा ठरतो. तेव्हा तो मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीत होता आणि गादीवर बुऱ्हाण निजामशाह होता, 1510 ते 1553. कुलवृत्तांतात 'सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, महजरातील कथनानुसार' एवढं निर्धास्त लिहा.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. ती ऐकल्याशिवाय पुढचं पटायचं नाही.

आमच्याकडे कुलकर्णीपण होतं. देवघराच्या वर काचेच्या चौकटीत वंशावळ लावलेली, वर मूळ पुरुषाचं नाव, दसऱ्याला तिला हार. ती पणजोबांनी घरातल्या जुन्या सनदेवरून उतरवली होती. सनदेत मूळ पुरुषाचं गोत्र दिलं होतं आणि ते आमच्या गोत्राशी जुळत नव्हतं. लेखनिकाची चूक, असं आजोबांनी ठरवून टाकलं होतं. मी मोडी शिकलो, जुन्या सरकारी कागदांच्या दफ्तरात बसायला लागलो, आणि तिसऱ्या वर्षी आमच्याच गावच्या रुमालात (कागदांच्या गाठोड्यात) एक खरेदीखत हाताला लागलं. अमुक घराण्याला सरकारदेणं फिटेना, पोरंबाळं उपाशी, म्हणून त्यांनी अर्धं कुलकर्णीपण आमच्या खापरपणजोबांच्या आजोबांना राजीखुशीने विकलं होतं, आणि वतनाबरोबर वतनाचे जुने कागदही सुपूर्द केले होते. लेखनिक बिचारा बरोबरच होता. चार पिढ्या आम्ही ज्याला हार घातला तो दुसऱ्यांचा मूळ पुरुष. आम्ही पूर्वज विकत घेतले होते! वडील हसले. आत्या दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही.

वतन वडिलांकडून मुलाकडे जातं तसं ते विकलं जातं, गहाण पडतं, दंडापायी अर्धं जातं, लेकीच्या घरात जातं. पाटीलकीची अर्धी तकसीम, म्हणजे वाटा, घेणाऱ्याला वतनापुरता भाऊ मानून घ्यायचीही रीत होती, आणि दोन-तीन पिढ्यांनी 'वतनापुरता' हा शब्द गळून पडे. म्हणून मालमत्तेच्या कागदांवरून मागे जाताना प्रत्येक पायरीला विचारायचं की वतन या माणसाकडे कसं आलं. बापाकडून आलं, असं कागदात लिहिलंय का? का आपण धरून चाललोय? तुमच्याकडची सनद याच नजरेने बघा. तीत तुमचं मूळ आडनाव आहे की नुसतं 'मोकदम मौजे अमुक'? मोकदम म्हणजे पाटील, म्हणजे हुद्दा. हुद्द्यावर तेव्हा कोण होतं ते सिद्ध व्हायचं आहे.

आणि इथेच आडनाव दगा देतं. लोक दफ्तरखान्यात येतात आणि म्हणतात, 'आमच्या आडनावाचे कागद दाखवा.' दफ्तर आडनावावर लावलेलं नसतं. ते प्रांत, तर्फ (गावांचा गट), गाव, साल असं लावलेलं असतं. तुमच्या भागात गाव सापडायचा तो 'कर्यात सासवड' नाहीतर 'तर्फ कऱ्हेपठार' अशा नावांखाली. तालुका पुरंदर ही पुढची सोय. गावाला खुर्द-बुद्रुक असेल तर दोन्ही बघायचे. तेव्हा आडनाव थोडं बाजूला ठेवा आणि जमीन धरा. माणूस स्थलांतर करतो, आडनाव बदलतो, शेत कुठे जात नाही.

माझा आवडता कागद सांगतो, थळझाडा. देशावर गावची मिरासी, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काची, जमीन जुन्या घराण्यांत वाटलेली असे. त्या प्रत्येक हिश्शाला थळ म्हणत आणि त्यावर मूळ घराण्याचं आडनाव असे. मिरासदाराला थळकरी म्हणायचे, बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. आता गंमत अशी की घराणं बुडालं, पळालं, विकून गेलं तरी थळाचं नाव सहसा बदलत नसे. जमीन शिंद्यांकडे असायची आणि थळ म्हणायचे काळ्यांचं. वारस उरला नाही की कागदावर 'गतकूळ' असा शेरा पडे. थळझाडा म्हणजे गावातल्या अशा थळांची यादी: कोणतं थळ किती जमिनीचं, कोण कसतंय, कोणतं गतकूळ. पेशवाईतला असा झाडा हाती आला तर त्यातली थळांची नावं त्याहून किती तरी जुन्या वसाहतीची खूण असतात. म्हणून माझं सांगणं असं की तुमचं मूळ आडनाव फक्त तुमच्या गावात शोधू नका. आसपासच्या दहा-बारा गावांचे झाडे काढा. जिथे आज तुमच्या आडनावाचं एकही घर नाही पण तुमच्या आडनावाचं थळ आहे, आणि तेही गतकूळ, तिथे थांबा, चहा प्या, आणि परत नीट वाचा. मूळ पुरुष तुमच्या गावात आला तो तिथून आला असण्याची शक्यता मोठी.

हे काम अर्धं दफ्तरात आणि अर्धं बांधावर होतं. शेतांची बोलण्यातली नावं सात-बाऱ्यावर नसतात. म्हाताऱ्या माणसांना विचारायचं की ओढ्यापलीकडच्या तुकड्याला काय म्हणतात, आणि का म्हणतात. ते माहीत असलेली पिढी झपाट्याने चालली आहे, तेव्हा दफ्तराच्या आधी हे करा.

कागदांची साखळी अलीकडून मागे न्यायची, मधली कडी गाळायची नाही. सात-बारा आणि फेरफार तुम्हाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नेतील, कडईपत्रकं, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदींची पत्रकं, आणखी मागे. त्यानंतर तहसील किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात वतन रजिस्टर मागा. 1874 च्या वतन कायद्यामुळे ती ठेवली गेली, आणि पाटीलकी 1962 च्या कायद्याने संपेपर्यंत वारसाच्या नोंदी होत राहिल्या. तुमच्या आजोबा-पणजोबांची वंशावळ तिथे सरकारी सहीशिक्क्याची मिळेल. त्यामागे इंग्रजांचं इनाम कमिशन. 1852 च्या कायद्याने ते बसलं आणि तुमची इनाम जमीन कशावरून तुमची, असं त्याने घरोघर विचारलं. लोकांनी कैफियती (आपलं लेखी म्हणणं) दिल्या, वंशावळी दिल्या, मूळ कागद दिले. पुष्कळ घरांना ते कागद परत मिळालेच नाहीत. आज आपल्यासाठी ते बरंच झालं म्हणायचं, कारण घरी राहिले असते तर चुलीत गेले असते. मात्र याच काळात बनावट सनदाही ढिगाने पुढे आल्या, तेव्हा कैफियतीसोबतचा जुना कागद दिसला की लगेच हुरळून जाऊ नका.

मग पुण्याचं पेशवे दफ्तर. पुराभिलेखागारात अर्ज, ओळखपत्र, विषय, गाव आणि कालखंड द्यावा लागतो. 'आमचा मूळ पुरुष' हा विषय देऊ नका, तिथले लोक सोशिक आहेत पण त्यांनाही मर्यादा आहेत. प्रांत अजमास आणि पुणे जमाव या विभागांत गावाचे हिशेब आणि झाडे बघा. 2023 पासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आलाय. चांगला वाचक मिळायला थांबावं लागेल, आणि घाईत मिळालेला वाचक धोक्याचा. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही, रेघ आधी ओढून तिला अक्षरं टांगलेली. ज्याला तुमचं आडनाव आधी सांगितलंय त्याला ते हमखास दिसतं! म्हणून वाचकाला आडनाव सांगू नका. नुसता कागद द्या आणि ओळीखाली ओळ असं पूर्ण लिप्यंतर मागा, सारांश नको. जमलं तर स्वतः शिका. पुराभिलेख संचालनालयाचे छोटे वर्ग असतात, बँकेत सह्या जुळवण्यात नजर मुरली असेल, तुम्हाला जड जाणार नाही. छापील साधनंही चाळा. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1898 पासून काढलेल्या खंडांत आणि 1910 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने छापलेल्या साहित्यात वतनाचे कागद भरपूर आहेत. समोरच्या पक्षाचा कागद त्यांच्या घरून तिथे पोचला असेल, कुणी सांगावं.

नावं जुळवताना एक खबरदारी. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. त्यामुळे 'संताजी बिन तुकोजी' (तुकोजीचा मुलगा संताजी) हा माणूस 1690 मध्ये भेटतो आणि 1750 मध्येही भेटतो. तो साठ वर्षं पाटीलकी करत नव्हता, तो स्वतःचाच नातू आहे. आमच्या ब्राह्मणी कागदांत निराळी खोच. 'बाजीराव बल्लाळ' मधलं बल्लाळ म्हणजे वडिलांचं बाळाजी. त्याला आडनाव समजून बल्लाळांचं कूळ शोधत फिरलेले लोक मी पाहिले आहेत.

तुम्ही नाशिकला राहता हे तर घबाड आहे. रामकुंडावर तुमच्या मूळ गावाचे तीर्थोपाध्ये कोण ते विचारा. त्यांच्या वह्यांत अस्थी घेऊन आलेल्या, सिंहस्थाला आलेल्या माणसांची गाव-नाव-आजा-पणजा अशी नोंद असते. ती जमिनीच्या तंट्यासाठी लिहिलेली नाही, म्हणून करीना पडताळून पाहायला तिच्याइतकी चांगली साक्ष नाही.

देवगिरी आणि राजपुताना यांचं मी थोडक्यात उरकतो. यादवकाळातले लेख आहेत, जमिनी दिल्याचेही आहेत. ताम्रपटात दान घेणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, गोत्र, शाखा आणि 'अमुक गावाहून आलेला' एवढं असतं. पंढरपूरचा चौऱ्याऐंशीचा लेख शके 1195 ते 1199 चा, म्हणजे 1273 ते 1277 मधला. विठ्ठलाला देणगी देणाऱ्यांची नावंच नावं आहेत त्यात, पण आजच्या अर्थाचं घराण्याचं आडनाव क्वचित. तिथून तुमच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या काळातल्या मूळ पुरुषापर्यंत अडीचशे-पावणेतीनशे वर्षांची दरी आहे आणि तिच्यावर पूल बांधायला कागद नाही. शिंदे म्हणजे सिंद, शेलार म्हणजे शिलाहार, कदम म्हणजे कदंब, असं जुन्या राजघराण्याच्या नावाला आडनाव जोडून पूल होत नाही. डीएनए चाचणी सांगेल ते हजारो वर्षांच्या सरमिसळीचं. तिला पाटीलकी कळत नाही. दोन चुलत शाखांचं रक्ताचं नातं आहे का, एवढाच प्रश्न असेल तर तिचा उपयोग, एरवी तो पैसा मोडी वाचकाला द्या.

भावाचं काय करायचं? त्याला खोटं पाडायला जाऊ नका. त्याने कुठून तरी ऐकलंय, आणि ज्याच्याकडून ऐकलं त्यानेही ऐकलंच होतं. कुलवृत्तांतात 'घराण्यातील ऐकीव कथा' असं वेगळं प्रकरण करा, त्याच्या नावाने, त्याच्या शब्दांत, राजपुतान्यासकट. कुणी सांगितलं, साधारण कधी, हे मात्र त्याला लिहायला लावा. तुमचं प्रकरण कागदाचं. दोन्हींच्या मध्ये कोरं पान सोडलंत तरी चालेल. आणि बांधावर जाऊन शेतांची नावं गोळा करायचं काम त्यालाच द्या. गावात त्याची ऊठबस तुमच्यापेक्षा जास्त असणार, आणि थळाचं नाव त्याच्याच वहीत सापडलं तर 1073 तो आपणहून सोडेल.

कागद लॅमिनेट करू नका. चिकटपट्टी लावू नका. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढा, मागच्या बाजूचेही, कारण जोडांवरचे शिक्के आणि शेरे मागे असतात. सुती कापडात सैल गुंडाळून ठेवा, आणि मूळ कागद 'वाचून देतो' म्हणणाऱ्या कुणाच्याही पिशवीत जाऊ देऊ नका. शिक्क्याच्या जागी नुसतं वर्तुळ काढून आत 'शिक्का' असं लिहिलं असेल तर तो कागद तालीक, म्हणजे नक्कल. नक्कल म्हणजे खोटा नव्हे, पण मग मूळ कुठे गेला हे शोधायचं.

शेवटी तुमचा चौथा कागद, भावाने बाजूला टाकलेला. इसन्ने म्हणजे दोन, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. सुहूर 1162, म्हणजे 1761-62. पानिपत झालं 14 जानेवारी 1761 ला, ते साल 'इहिदे सितैन', म्हणजे 1161, तुमच्या कागदाच्या लगेच आधीचं. पाटलीणबाई स्वतःच्या नावाने कागदात येते ती बहुतेक एका कारणाने: नवरा गेला, मागे मुलगा नाही, वतन भाऊबंदांच्या घशात जाऊ नये म्हणून दत्तक घ्यायचाय. पाटील पानिपतावर पडले असं तुमच्या भावाला हे वाचताच वाटणार आहे. त्याला आत्ताच सांगून ठेवा, कागद तसं म्हणत असेल तर लिहू, नाहीतर पाटील तापानेही गेलेले असतात. पण दत्तक असेल तर तुम्ही सगळे त्या दत्तक मुलाचे वंशज, आणि महजरातल्या मूळ पुरुषापर्यंतची तुमची वाट या बाईंच्या दारातून जाते. दत्तक भाऊबंदांतून घेतला की मेहुण्यांतून, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. दत्तकाला सरकारची परवानगी लागे आणि त्यासाठी नजर, म्हणजे ठरावीक रक्कम, भरावी लागे. ती जमा झाली असेल तर पेशव्यांच्या रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चात, त्या किंवा पुढच्या सालाखाली दिसेल. दफ्तरात पहिला अर्ज तिच्यासाठी करा, महजरासाठी नंतर.

तुमच्या जाणकारांनी दिलेल्या लिप्यंतरात बाईंच्या नावाच्या जागी तीन टिंबं आहेत, असं तुम्ही पाठवलेल्या प्रतीत दिसलं. ती ओळ परत वाचून घ्या, फोटो मोठा करून. वंशावळीत एवीतेवी बायकांची नावं नसतात. हे नाव मात्र कागदावर आहे.